अर्धा केसभर

दाजींना एका जागी बसवत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण हा माणूस पाच मिनिटं सलग खुर्चीत टेकलेला मी पाहिला नाही. जेवता जेवता उठून गळका नळ आवळतील, पाहुण्यांशी बोलताना त्यांच्याच छत्रीची काडी सरळ करतील. ताई म्हणते, "यांना झोपेतसुद्धा काहीतरी दुरुस्त करायचं असतं."

आम्ही दोघं एकाच पंपाच्या कारखान्यात. ते जुळणी विभागात फिटर, मी ऑफिसात परदेशी कंपनीचा पत्रव्यवहार बघतो. पंपाचं ड्रॉइंग त्या कंपनीचं. त्यात फरक करायचा नाही. केलाच तर नोकरी गेली. मागच्या वर्षी एका टर्नरला असंच घरी बसवलं. पण ड्रॉइंग काढणाऱ्यांकडचं पाणी स्वच्छ, आमच्या विहिरींच्या पाण्यात वाळू. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीचं कडं, म्हणजे बुश, ड्रॉइंगप्रमाणे घट्ट ठेवलं की त्यात वाळू अडकते आणि पंप जाम होतो. म्हणून दाजी प्रत्येक बुश आतून पॉलिश पेपरने अर्धा केसभर घासायचे. बारा वर्षं, गुपचूप. साहेबांना का नाही सांगत, असं मी विचारलं तर म्हणाले, "पिकतं तिथे विकत नाही, बाबा."

मग तिकडून एक इंजिनिअर आला. त्यांच्या आपल्याकडच्या इतर कारखान्यांचे पंप वर्षभरात जाम होत होते, आमचे होत नव्हते. असं का, ते शोधायला त्याला धाडलं होतं. दोन दिवस साहेबांनी त्याला नव्याने रंगवलेल्या भिंती दाखवल्या. तिसऱ्या दिवशी साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले, तेवढ्यात तो थेट दाजींपुढे येऊन उभा राहिला. तुम्ही वेगळं काय करता, एवढंच त्याने विचारलं. मी प्रश्न दाजींना सांगितला.

दाजींनी बुश त्याच्या हातात ठेवलं आणि सगळं सांगितलं. कुठे घासायचं, किती घासायचं, पुरे झालं हे बोटाला कसं कळतं. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. "सांग त्याला," ते मला म्हणाले.

मला तो घरी बसवलेला टर्नर आठवला. दाजींच्या निवृत्तीला तीन वर्षं, भाचीचं शिक्षण अर्धवट. मी त्या इंजिनिअरला म्हणालो, "ते ड्रॉइंगप्रमाणेच करतात. फक्त बुश आतून नीट पुसून घेतात." दाजींनी हाताने घासून दाखवलेलं त्याने पाहिलंच होतं, ते पुसण्यासारखंच दिसत होतं; त्याला पटलं. त्याने आनंदाने वहीत लिहून घेतलं. दाजींनी त्याच्याशी हात मिळवला.

महिन्याने पत्र आलं: सर्व कारखान्यांनी बुश काळजीपूर्वक पुसावं. पाठोपाठ पुसून बसवणारं यंत्रही आलं आणि दाजींना पॅकिंगला टाकलं. ते रोज माझ्या टेबलाशी घुटमळत. "नवीन ड्रॉइंग आलं का रे?" एकदा मी खेकसलो, "तिकडे काय सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत?" ते गुमान गेले. त्या दिवशी मला डबा उघडावासा वाटला नाही.

सहा महिन्यांत आमचेही पंप जाम होऊन परत यायला लागले.

रविवारी दाजी वही घेऊन माझ्या घरी आले. "त्या दिवशी मीच नीट सांगितलं नसणार," म्हणाले. "त्यांची भाषा शिकव मला, कामापुरती. शुक्रवारी तो इंजिनिअर साहेबांशी पडद्यावर बोलणार आहे. मी मधे घुसतो, माझं मी सांगतो."

"नोकरी जाईल, दाजी."

"जाऊ दे. परत आलेले पंप मलाच उतरवून घ्यावे लागतात. बघवत नाही."

मी लिहून दिलं, त्यांची भाषा पण आपल्या अक्षरांत, या वेळी खरं तेच. सात ओळी झाल्या. दाजींनी बोट ठेवून त्या दोनदा वाचल्या, मग मान वर केली.

"त्या दिवशी तू एवढं बोलला नव्हतास."

लाजेने माझी नजर वर होईना. "नाही," मी म्हणालो.

 दाजी वही माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तिसरी ओळ पुन्हा म्हण. सावकाश."