सोनाअक्काच्या पऱ्हाट्या

कपाशीच्या वावरापाशी उभं राहून सगळे बोंडं बघतात. सोनाअक्का काड्या बघायची. वाकून बुंधा चिमटीत धरायची, "जाड शे" म्हणायची आणि खूश होऊन पुढे निघायची. कापूस कोणाला किती उतरला याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

नरडाण्याकडच्या आमच्या गावात रीतच होती. शेवटची वेचणी झाली की मजूर बायांनी वावर मोकळं करून द्यायचं आणि उपटलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, सरपणाला घरी न्यायच्या. मजुरी कोणी मागत नसे, कोणी देत नसे. "कापूस मालकना, काडी मनी," म्हणजे काडी माझी, हा अक्काचा एका ओळीचा कायदा. बौद्धवाड्यातल्या तिच्या घरापुढे वर्षभराचं सरपण असं नीट रचलेलं असे की त्यातली एक काडी ओढायची छाती होऊ नये. मी मास्तर म्हणून गावात आलो तेव्हा माझी खोली तिच्या समोरच होती. पहिल्याच थंडीत तिने काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत झाकून पाठवलं, आणि वर विचारलं की शहरात गॅसवर वांगी भाजणाऱ्यांना पोलीस पकडत नाहीत का.

मग औद्योगिक वसाहतीत कारखाना आला. पऱ्हाट्यांचा भुसा दाबून तिथे पांढरा कोळसा करायचे. दगडी कोळशाऐवजी तो बॉयलरमध्ये जाळायचा. गोष्ट चांगलीच. मीही वर्गात ती चांगली म्हणूनच शिकवली. गावात सभा झाली. कारखान्याचे साहेब म्हणाले, वाया जाणाऱ्या कचऱ्यातून आता हरित इंधन होणार. टाळ्या पडल्या. मागून सोनाअक्का उठली.

"साहेब, वाया कोठे जाये? आमनी चूलमा जाये."

साहेब हसले. घरोघरी गॅस पोहोचलाय, माताभगिनी धुरातून सुटल्यात, असं त्यांनी तिला समजावलं. अक्काकडे गॅस होताच. रिकामी टाकी कोपऱ्यात, तिच्यावर फडकं, फडक्यावर तांब्या. भरून आणायची म्हटलं की आठवड्याची मजुरी गेली. साहेबांनी ते विचारलं नाही. त्यांना उशीर होत होता.

त्या वर्षी वावरात यंत्र शिरलं आणि पऱ्हाट्या ट्रॉलीत भरून कारखान्याला गेल्या. गावातले मोठे शेतकरी आबा. अक्काने उभा जन्म त्यांचं वावर मोकळं करून दिलेलं. त्यांच्या बांधाला पडलेल्या काड्यांचा भारा बांधून ती निघाली, तर आबांनी चारचौघांत तो खाली ठेवायला लावला. आवाजसुद्धा चढवला नाही. "अक्का, आते हाऊ कचरा नही, माल शे," एवढंच म्हणाले. आबा वाईट माणूस नव्हते, हेच मला अजून पचत नाही.

संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"गुरुजी, तेच वावर, तीच काडी. मंग मी चोर कशी?"

तो पांढरा कोळसा चांगला म्हणून मीच वर्गात शिकवला होता. लाज वाटली, आणि रागही आला. कोणाचा ते धड कळेना.

पुन्हा ती कोणाच्या वावरात सरपणाला गेली नाही. हट्टी बाई. तुटक्या चपला, खताच्या रिकाम्या गोण्या, प्लास्टिक, जे मिळेल ते चुलीत जाऊ लागलं. घशाला झोंबणारा काळा धूर माझ्या खोलीत येई. हे जाळू नको म्हटलं, तर म्हणाली, "मंग भाकर काय ऊनमा भाजू?" तिला खोकला लागला. धुळ्याला नेऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं. ती मान डोलावून घरी आली आणि चुलीपुढे बसली.

पुढच्या साली वेचणी संपता संपता ती गेली. आबांनी स्वतः ट्रॅक्टर पाठवला. त्यात सरणाची लाकडं होती आणि पेटवणाला पऱ्हाट्यांचे कोरडे भारे, चांगले निवडून काढलेले. तिच्या भाच्याने पैशांचं विचारलं, तर आबांचे डोळे भरून आले. अक्काकडून का पैसे घ्यायचे, म्हणाले. त्या भाऱ्यांना त्या दिवशी कोणी माल म्हटलं नाही.