सव्वातीन की चार

शैला, मी मेलबर्नला निघाले त्या दिवशी नळदुर्गच्या स्टँडवर तू भूमहून दोन एसट्या बदलून आली होतीस. हाताला तुझी लेक, चार वर्षांची सुप्रिया. माझ्या हातात लग्नाचा हिरवा चुडा, पायाशी दोन गच्च भरलेल्या बॅगा आणि हैदराबादची गाडी सुटायला आलेली. अप्पांनी खिडकीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली माझी पत्रिका आत दिली. "जवळ ठेव. परक्या मुलखात आपण कोण हे कळंनासं झालं, की उघडून वाच." तू शेजारीच उभी होतीस. सुप्रियाच्या झिपऱ्या सारख्या करत राहिलीस. मला वाटलं, तुला रडू येतंय. आज कळतंय की तुला राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता.

अप्पा, माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे आणि घरी पंचांग बघायचे. अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. तुला अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा तुझे बाबा समोरचं किराणा दुकान बंद करून तुझी पत्रिका घेऊन आमच्या ओसरीवर आले. चहा मीच आणून दिला, त्यामुळे ते बोलणं मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. अप्पांनी चष्मा वर सरकवला. "मूळ नक्षत्र, दुसरा चरण. सासऱ्याला जड." तुझ्या बाबांनी हात जोडले. "गुरुजी, कायतरी मार्ग काढा की. लई हुशार हाय पोरगी, मास्तरीण व्हायचं म्हणती." अप्पा म्हणाले, "वेळ काय माझ्या हातात असती का? शास्त्रात आहे ते आहे. बाप नसलेला मुलगा बघा."

तसा मुलगा भूमला मिळाला, तुझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. तुझं कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं. पाठवणीला तुझी आई, तुझी अव्वा, कानडीत काहीबाही बोलत रडत होती आणि मी तिच्या शेजारी उभी राहून मनात म्हणत होते, बरं झालं बाई, माझं नक्षत्र पूर्वाषाढा आहे. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते.

इथं मी म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये नर्स आहे. पहिली दोन वर्षं रोस्टर, ट्राम आणि थंडी यातच गेली. ज्वारीचं पीठ मिळतं, पण भाकरी तव्यावर टाकली की स्मोक अलार्म बोंबलतो. माझ्यासोबतची हेलन टी-रूममध्ये प्रत्येकाला त्याची 'साइन' विचारायची. मी म्हटलं, धनु. ती म्हणाली, ऑगस्टमधली बाई धनु कशी असेल, तू तर लिओ! आपण रास चंद्रावरून बघतो, ते सूर्यावरून. वर दोघांची मोजणी सुरू होते ती जागाच वेगळी, त्यामुळे सगळंच जवळजवळ एक रास पुढंमागं. माझा सूर्य आपल्याकडं कर्केत, तिच्याकडं सिंहेत. मला गंमत वाटली.

मग तिनं जन्मवेळ विचारली. मी घरी जाऊन पत्रिका उघडली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, दुपारचे चार. "कॅप्रिकॉर्न रायझिंग!" हेलन ओरडली. म्हणजे तिच्या मोजणीनं, जन्मवेळेवरून ठरणारं माझं लग्न मकर. लहानपणीच म्हातारी झालेली, न सांगता घराचं ओझं उचलणारी, बापाचा शब्द न मोडणारी. मी मायक्रोवेव्हसमोर उभी राहून ढसाढसा रडले. अप्पांच्या पत्रिकेत मी काय वाचत आले होते? पतीस सुखकारक, सासरी शुभ, संतती दोन. ही बाई पहिल्यांदा माझ्याबद्दल बोलत होती. मला हेलनच्या ज्योतिषाचा नादच लागला. वरिष्ठांपुढं तोंड उघडलं नाही, तर मी मकर ना, म्हणून. बढती मागितली नाही, तीही मकर म्हणूनच. पंधरा वर्षं मी त्या मकरेवर काढली.

यंदा, एकोणचाळिसाव्या वर्षी, मला मुलगी झाली. आई बाळंतपणाला आली होती. मिडवाइफनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून वेळ मोठ्यानं सांगितली आणि बोर्डावर लिहिली. बाळाला न्याहाळत आई सहज बोलून गेली, "तू बी अशीच दुपारची. सव्वातीनची. शाळेत शेवटच्या तासाची घंटा झाली अन् तू रडलीस."

मी म्हटलं, आई, चारला ना?

आईनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "चार अप्पांनी लिहिलं. सव्वातीनला मूळ होतं, चारपर्यंत संपलं."

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी नाकारलं नाही. "चौथा चरण होता. चौथ्याला दोषच न्हाई, शास्त्रात स्पष्ट आहे. पण लोक चरण विचारत न्हाईत, बाळा. मूळ म्हटलं की उठून जातात. बाप आहे मी."

शैला, नीट वाच. जिथं दोषच नव्हता, तिथं लोकांच्या तोंडाला भिऊन अप्पांनी घड्याळ पाऊण तास पुढं ढकललं. आणि जिथं एका हुशार मुलीचं आयुष्य पणाला लागलं होतं, तिथं त्यांना शास्त्र आठवलं. तुझे बाबा बाप नव्हते का? वेळ अप्पांच्या हातात होती. फक्त माझ्यासाठी होती. त्या पाऊण तासावर मला हे सासर मिळालं, हा देश मिळाला. मूळ ऐकून ज्यांनी मला नाकारलं असतं ते माझे सासरे आज एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत आणि माझ्या हातच्या दोन भाकरी चवीनं खातात.

मी रागारागानं हेलनच्या राशींच्या ॲपमध्ये सव्वातीन घातले. मकर लग्न गेलं, धनु लग्न आलं. आता मी म्हणे भटकी, फटकळ, कुणाचं न ऐकणारी. आणि शैला, तेही मला पटलं! तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली. आपल्या पत्रिकेनं मला कधी विचारलंच नाही की मी कशी आहे; तिला काळजी सासऱ्याची. आणि हेलनचा चार्ट मलाच कुरवाळत बसला. त्यात तू नव्हतीस, तुझ्या बाबांचे जोडलेले हात नव्हते, चहाचा ट्रे घेऊन गुपचूप आत निघून गेलेली मी नव्हते. मला कुठल्या ग्रहानं गप्प बसवलं नव्हतं. माझं चांगलं चाललं होतं, म्हणून मी गप्प बसले. एवढं कळायला दोन्हीपैकी एकाही ज्योतिषाचा उपयोग झाला नाही.

परवा तुझा मेसेज आला. "सुप्रियाची पत्रिका घेऊन सोमवारी अप्पांकडं जातेय. पोरगी शिकायचं म्हणती, पण ह्यांना घाई लागलीय." इकडं अप्पा रोज माझ्या लेकीची जन्मवेळ मागतात. मी दिलेली नाही, आईलाही देऊ दिली नाही आणि देणारही नाही.

घराची आठवण येते का, असं इथं सगळेच विचारतात. इतकी वर्षं मी त्यांना किल्ल्याचे आणि धबधब्याचे फोटो दाखवत आले. आता घर म्हटलं की मला फक्त ती ओसरी दिसते. तिथं मी एक वाक्य बोलायचं होतं आणि ते वीसहून अधिक वर्षं राहून गेलंय.

सोमवारी जा. सुप्रियाला सोबत ने. पिशवीतून पत्रिका मात्र काढू नकोस. चहा येऊ दे, अप्पा चष्मा पुसू देत. मग विचार, "गुरुजी, तुमच्या लेकीची खरी वेळ किती?" मला आधी फोन लाव आणि तो चालू ठेवून त्यांच्यासमोर ठेव. ते बोलले नाहीत, तर मी बोलेन.