दारावरचा कडुलिंब आणि आतले कण

आईच्या यकृतातल्या गाठीवर मुंबईच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला, तेव्हा खोटं कशाला बोलू, मला काळजीआधी कुतूहलच वाटलं. धुळीसारखे बारीक कण, त्यांत किरणोत्सर्ग. जांघेतून नळी घालून ते थेट गाठीच्या रक्तवाहिनीत सोडायचे. त्यांना गाठीचा पत्ता कोण सांगतो, मी विचारलं. गाठ हावरट असते, रक्त जास्त ओढते, त्याबरोबर कणही, ते म्हणाले. मी अजून खोदून विचारणार होते, पण आईने चिमटा काढला.

घरी सोडताना त्यांनी बजावलं, की काही दिवस तान्ह्या बाळाला जवळ घ्यायचं नाही. आणि वहिनी दहिवलीच्या माहेराहून भावाच्या पहिल्या लेकीला घेऊन येणार होती! आईने हा सगळा खटाटोप केला तोच नात मांडीवर घ्यायला.

कडावला घरी आल्यावर आई मागच्या खोलीत एकटी निजू लागली. तिचं वेगळं ताट शेजारच्या काकूंनी पाहिलं, अंगणातल्या पोरांना तिच्याजवळ जाऊ नका म्हणून मी दटावलेलं ऐकलं आणि परस्पर ठरवलं: कांजिण्या. देवी आली. दुपारपर्यंत आमच्या दारावर कडुलिंबाच्या डहाळ्या. वर मला तंबी, की फोडणी घालायची नाही, देवी कोपते. कण, नळी, सगळं समजावून द्यायला मला कोण हुरूप आला! तेवढ्यात आईने आत बोलावलं.

"सांगू नको गं," ती म्हणाली. "देवी काय, येते नि जाते. कॅन्सर म्हटला का माणसं कायमची लांब बसतात. मग माझ्या मांडीवर पोर कोण देईल?"

मी फोडणीची पळी उचलून ठेवली. मग आम्ही सगळे निमूट बिनफोडणीचं वरण गिळत राहिलो. भाऊ तेवढा कुरकुरायचा. न राहवून मी डॉक्टरांना फोन केला, ते कण शेवटी जातात कुठे? कुठेच नाही, ते म्हणाले, तिथेच राहतात, फक्त विझतात.

मुदत सरली. गाठीचं काय झालं ते कळायला अजून अवकाश होता. काकूंनीच आईला कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं, मी मोहरी तडतडवली, वहिनी आली. काकूंनी बाळ उचलून आईच्या मांडीवर दिलं आणि म्हणाल्या, "आता परत येऊ नको म्हणावं देवीला."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचे हात बाळाने अडकले होते, म्हणून दोघींच्या वतीने मी हात जोडले. अगदी मनापासून.