रिकाम्या वर्गात शिकवलेला कापूस

भुताखेताचं कोणी काही सांगायला लागलं की मी चहाचा कप घेऊन उठून जाणारा माणूस. इतिहास शिकवतो. पुरावा नसलेल्या गोष्टीला आमच्यात कोणी दारातही उभं करत नाही. त्यामुळे हे लिहायला बसलो तेव्हा बायकोसुद्धा हसली. तुम्हीही हसा, हरकत नाही... पण कुणाला काही सुचलं तर कळवा. मी विचार करून थकलोय.

थकलोय तसा आधीपासूनच. मी वाशीम जिल्ह्यातल्या रिठदचा. जिल्ह्यातल्याच मालेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात (नाव सांगत नाही) तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही तर कुणीच नाही. रोज मोटरसायकलवर जाणं-येणं, पाठीची पार वाट लागलेली. दिवाळी झाली की वर्ग ओस पडतो. काही पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, बाकीची परीक्षेलाच उगवतात. पण आमच्याकडे एक पद्धत आहे — वर्गात कुणी नसलं तरी खोलीतून आवाज आला पाहिजे. शिपाई व्हरांड्यातून चक्कर मारतो, आवाज आला की तास झाला. त्यामुळे काही जण मोबाईलवर कुणाचं तरी लेक्चर लावतात आणि टेबलावर डोकं टेकून झोपतात. मला ते जमलं नाही. मी बोलायचो. रिकाम्या बाकांसमोर, हातात खडू घेऊन, पूर्ण तास. सुरुवातीला वेड्यासारखं वाटायचं. मग वाटेनासं झालं, आणि ते जास्त वाईट होतं.

हिवाळ्यातली दुपार. वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली. विषय होता वऱ्हाडातला कापूस. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून इथल्या कापसाचा भाव चढला... हे सांगता सांगता, ऐकायला कुणी नाहीच या भरवशावर, मी घरचं बोलायला लागलो. एका वर्षी आमच्या कापसाला भाव आला तेव्हा बाबांनी रेडिओ आणला होता. करमणुकीला नाही, बाजारभाव ऐकायला. आई त्याला पदरानं पुसायची. मी म्हटलं, "आणि मग युद्ध संपलं, तेव्हा..."

पुढचं बोलताच आलं नाही. आईला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. खुर्चीवर बसलो आणि रडलो. लाजायचं कुणाला? वर्गात चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरळ पुढचा धडा घेतला. कापूस तसाच अर्धवट राहिला.

नंतर अंतर्गत गुणांसाठी सेमिनार लागले. विद्यार्थ्यानं उभं राहून दिलेल्या विषयावर बोलायचं, विभागप्रमुखांनी आणि मी ऐकायचं. त्या दिवशी रेणुका आली. किन्हीराजाकडच्या एका वस्तीवरची पोरगी, आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीवर होती. एवढ्यासाठी रात्रभर एसटीनं आलेली. हातांना उसाच्या पात्यांचे चरे.

विभागप्रमुखांनी हजेरी पाहिली. "हे बाई तर दिवाळीपासून आलीच नाही. हिला बसवता कायले?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, बसू द्या. नापास झाली तर बाबा शिकू देनार नाही. मुकादमाले कोयता पायजे, म्हून माहं लगन लावतीन."

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम एकट्यादुकट्याला घेत नाही, जोडी मागतो. तिच्या बरोबरीच्या किती पोरींची लग्नं अशी झालीत, ते आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत आहे. मी प्रमुखांना हात जोडले. ते वैतागून म्हणाले, "बरं. वऱ्हाडातला कापूस. बोल."

तो तर मी रिकाम्या बाकांना शिकवला होता. आता ही काय बोलणार?

ती बोलली. युद्ध, विलायतेच्या गिरण्या, चढलेला भाव... क्रम माझा, शब्द माझे. दम खायला मी जिथं थांबतो तिथंच थांबत होती. प्रमुख पेन खाली ठेवून ऐकायला लागले. मग ती म्हणाली, "जसं की सरांच्या घरी भाव आला तेव्हा त्यांच्या वडिलांनी रेडिओ आणला. सरांची आई त्याला पदरानं पुसायची. आणि मग युद्ध संपलं, तेव्हा..."

थांबली.

"तेव्हा काय?" प्रमुखांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "पुढचं सरांनी सांगितलं नाही."

प्रमुख माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "हो सर... मी तेवढंच शिकवलं होतं."

"मंग ही गैरहजर कशी? हजेरी नीट घेत जा ना राजे हो!" त्यांनी मलाच झापलं आणि तिला चांगले गुण दिले.

बाहेर जिन्यापाशी तिला गाठलं. विचारलं, कुणी रेकॉर्ड करून पाठवलं का? ती म्हणाली, "कोन पाठवते सर? आमच्याजवळ बाबाचा बटनाचा फोन. दुपारी मोळ्या बांधता बांधता तुमचा आवाज ऐकू येये. मले वाटलं, कॉलेजनं काही सोय केली असन."

"आणि त्या दिवशी मी पुढं का बोललो नाही, ते...?"

तिनं मान खाली घातली. "तुमी रडून राह्यले होते ना, सर."

मी कठडा धरला. मग तीच हळूच म्हणाली, "सर, मंग त्या रेडिओचं काय झालं?"

"भाव पडला तशी आईनं त्याच्यावर दुरडी झाकून ठेवली. म्हणे, आता काय ऐकाचं."

ती हसली. आईची गोष्ट ऐकून कुणी हसलं, याचं मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मग तिची गाडी आली आणि ती परत उसाच्या फडावर गेली.

कापूस शिकवला त्या दिवशी माझा फोन बंद पडलेला होता, चार्जर घरी राहिला होता. शिपायाला विचारलं, तो म्हणाला, "आवाज ऐकला सर, पन काय बोलून राह्यले ते कोन ऐकते?" रेडिओची गोष्ट मी त्याआधी बायकोलासुद्धा सांगितलेली नव्हती. आता कुणी म्हणेल योगायोग. म्हणा.

मालेगावात मेहुण्याचं बियाण्यांचं दुकान आहे, तो मला तिथं बसायला बोलावत होता. मी होकार देणारच होतो. अजून दिला नाही. थकवा आहे तेवढाच आहे, पाठही तशीच दुखते. रेणुकाबरोबर आमच्या वर्गातली आणखी पोरं त्याच फडावर आहेत. त्यांनाही ऐकू येतं का, हे मी तिला विचारलं नाही. ती नाही म्हणाली असती तर वाईट वाटलं असतं. हो म्हणाली असती तर...

हे कसं झालं ते मला आजही माहीत नाही. फक्त आता अंगात ताप असला तरी मला तास बुडवता येत नाही.