क्लचमास्तर आणि गप्प बसायचा तास

गाडी शिकवणाऱ्या या गृहस्थांना सगळे क्लचमास्तर म्हणत. शिकाऊ माणसाशेजारी बसून सव्वीस वर्षं त्यांनी दोनच कामं केली : आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबला आणि ओरडले. "अहो, क्लच म्हणजे झुरळ नव्हे, चिरडताय काय!" खिडकीकडचा कान तेवढी वर्षं उन्हात भाजून निघाला.

त्यात चौदा वर्षांपूर्वी ताईने त्यांना आपली एक किडनी दिलेली. शरीराने ती परकी म्हणून हाकलू नये यासाठी रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातले पहारेकरीच पेंगुळलेले. कानावरची जखम काही भरेना. तुकडा तपासला, तर कातडीचा कॅन्सर. शिवाय मानेत एक गाठ हाताला लागली.

"पसरला असेल तर गोळ्या कमी कराव्या लागतील," डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे ताईची किडनीही जाण्याची भीती. आता सगळी भिस्त पेट स्कॅनवर.

स्कॅन करणाऱ्या बाई सगळं 'आपण'मध्ये बोलायच्या. "आता आपण किंचित किरणं असलेली साखर टोचून घेणार. कॅन्सरच्या हावरट पेशी ती जास्त खातात, म्हणून फोटोत चमकतात. तासभर आपण पडून राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. राबणारे स्नायूसुद्धा साखर खातात."

"तुम्हीपण पडणार?"

"आपण गप्प!"

मास्तर दहा मिनिटं शहाण्यासारखे पडले. मग पलंगालगतच्या खिडकीबाहेर, पार्किंगमध्ये, एक पांढरी गाडी रिव्हर्स येऊ लागली.

"स्टिअरिंग डावीकडे... डावीकडे हो! आरसा काय भांग पाडायला दिलाय?"

काच बंद. ऐकतंय कोण? पण मास्तरांचा गळा सुरू झाला तो झालाच, आणि चादरीखाली उजवा पाय ब्रेक दाबत राहिला. पांढरीमागून निळी आली. निळी तर त्याहून बेकार.

दुपारी डॉक्टरांनी पडद्यावर फोटो लावला. शेजारी ताई, पर्स छातीशी धरून.

"हं..." डॉक्टर थांबले. "गळा चमकतोय. आणि ही उजवी पोटरी."

मास्तरांनी घाबरून गळा चाचपला.

"तासभर काय करत होतात?"

मास्तरांनी खाली मान घालून कबुली दिली. पांढरी, निळी, सगळं.

"अरे गाढवा!" ताई कडाडली. "एक तास! एक तास तोंड मिटता येईना तुला?"

"ओरडू नका," डॉक्टर हसले. "हे बोलण्याचे आणि पायाचे स्नायू. गाठ इथे, बाजूला आहे, आणि तिच्यात चमक नाही. पसरल्याची खूण कुठेच नाही. कानावरचं कापून टाकू, गाठीवर नजर ठेवू. किडनी धोक्यात घालायची आज तरी गरज नाही."

ताईने छातीशी धरलेली पर्स मांडीवर ठेवली.

एकदम ताई पुढे झुकली. "मग हे काय? ओटीपोटात, एवढं लखलखतंय ते?"

"ती तुमची किडनी. साखर लघवीवाटे बाहेर टाकतेय. चोख काम चाललंय तिचं."

ताई पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. चौदा वर्षांत आपली किडनी तिला पहिल्यांदाच दिसत होती. मग रुमालाने डोळे पुसत तिने विचारलं, "डॉक्टर, एक प्रिंट मिळेल? याचा नको. नुसता तिचा."