रेतीच्या गोण्या

सेनगावच्या मंगल कार्यालयात रोज सकाळी ते योग शिकवायचे. वय साठीला टेकलेलं. आयुष्यभर पूल बांधून इंजिनिअरची नोकरी सोडलेली. आम्ही नुसतं सर म्हणायचो, नाव कधी विचारलंच नाही. कुणालाही वाकवण्याआधी ते त्याच्या पाठीवर तळहात ठेवायचे. तो हात थरथरायचा.

एकदा मी विचारलं, "सर, तुमी भिता काहून?"

"पूल झाला की आधी रेतीच्या गोण्या ठेवून बघायचो, मगच गाड्या सोडायच्या. माणसावर काय ठेवून बघू? तुमी काही लपवून तर न्हाई राहिले ना?"

"न्हाई," मी म्हणालो आणि वाकलो.

छातीतल्या दोन स्टेंटचं मी घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. पाठीवरचा त्यांचा हात आता शांत होता. थरथरत होतो मी.