देवराव काकाजींचा आवाज

लाइट गेली की देवराव काकाजी आधी शर्ट घालायचे आणि मग वीज कार्यालयाला फोन लावायचे. आर्णीच्या उन्हाळ्यात घरातले पुरुष दिवसभर बनियनवरच असतात. पण पंखा थांबला की काकाजी खुंटीवरचा शर्ट काढत, गळ्यापर्यंत बटणं लावत, खुर्चीत ताठ बसत आणि मगच नंबर लावत. मी त्यांची भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. एकदा न राहवून विचारलं, की फोनवर तुम्हाला कोण बघतंय काकाजी? तर म्हणाले, "उघड्या आंगानं बोललं का आवाज उर्मट निंगते, बाई. मले मालूम हाये ना माहा आवाज."

तो आवाज सगळ्या गल्लीला मालूम होता. काकाजी एसटीचे ड्रायव्हर होते. माझी बदली आर्णीच्या शाळेत झाली तेव्हा ते नुकतेच निवृत्त झालेले. सामान घेऊन आलेला टेम्पोवाला ठरल्यापेक्षा जास्त मागायला लागला, तसे ते अनोळखी असूनही फाटकातून बाहेर आले आणि नुसतं "काहून रे?" एवढंच म्हणाले. टेम्पोवाला ठरलेलेच पैसे घेऊन गेला. ही माझी त्यांची पहिली भेट.

पुढे कळलं, की गल्लीतल्या लोकांनी हा आवाज वापरायलाच ठेवलेला आहे. गॅसवाल्याने सिलिंडर हलका दिला असं वाटलं की काकाजींना बोलवा. ते त्या माणसाला सिलिंडरसकट कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे नेऊन काट्यावर चढवायला लावत. नळाला पाणी आलं नाही की नगरपरिषदेत काकाजी. बँकेत म्हाताऱ्या बायांना "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" म्हणून परत पाठवत, तर हे खिडकीसमोर खुर्ची ओढून बसले. "झोपलं असन तुमचं सर्व्हर, झोपू द्या. ते उठेपर्यंत मी बसून राह्यतो." जेवणाच्या सुट्टीआधीच सर्व्हर उठलं, असं त्या बाया कितीतरी दिवस सांगत होत्या.

इंदूकाकूंना मात्र या भांडणांचा कंटाळा होता. त्या बुटक्या, हसऱ्या, हळू बोलणाऱ्या. नवरा बाहेर कुणावर ओरडायला लागला की त्या दारातून म्हणायच्या, "पुरे झालं जी. तो बी लेकराबाळाचा हाये." आणि काकाजी अर्ध्या वाक्यात थांबायचे. त्यांना थांबवू शकणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

मग काकूंना न्यूमोनिया झाला. त्यातून त्या वाचल्या, पण फुफ्फुसं कडक झाली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनची मशीन ठेवायला सांगितली. विजेवर चालणारी, कूलरएवढी घरघर करणारी. तिची लांब नळी नाकाला लावून काकू पलंगापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जात, तिथे खुर्चीवर बसून मेथी निवडत आणि ओट्याशी उभ्या असलेल्या काकाजींना फोडणी कशी घालायची ते सांगत. काकाजी पोळ्या लाटायला शिकले. "गाडी वळवनं सोपं होतं," ते मला म्हणाले, "हे गोल वळत नाही." काकूंना हसू आलं की धाप लागायची, म्हणून ते विनोदही बेताने करत.

पण आमच्या गल्लीची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जुनी होती. तिच्यावर नव्या लेआउटच्या वसाहतीतली घरं जोडलेली, वेल्डिंगची दुकानं जोडलेली, आणि उन्हाळ्यात घराघरांतले कूलर. ती दुपारी दमायची आणि लाइट जायची. काकाजींनी इन्व्हर्टर बसवला, तो मशीनला तासभरच पुरायचा. त्यानंतर एक छोटं सिलिंडर होतं, तेही यवतमाळहून भरून यायचं. त्यामुळे लाइट गेली, की ती केव्हा येणार हे कळणं एवढीच काकाजींची गरज असे. आणि नेमकं तेच कुणी सांगत नसे.

सबस्टेशनचा फोन बहुतेक वेळा उचलून बाजूला ठेवलेला असायचा. मोफत क्रमांकावर एक गोड आवाज रांगेत थांबायला सांगायचा. तक्रार नोंदवली जायची आणि थोड्या वेळाने काकाजींच्या मोबाइलवर संदेश यायचा. असाच एक संदेश घेऊन ते घामाने निथळत माझ्याकडे आले. "बाई, हे वाचून सांगजा." मी वाचलं, की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.

"निवारण म्हंजे?"

"म्हणजे तुमची तक्रार सुटली, असं म्हणतायत."

त्यांनी माझ्या छताच्या बंद पंख्याकडे पाहिलं. मला वाटलं आता फुटतील. ते म्हणाले, "त मंग आपलंच काही चुकून राह्यलं असन," आणि पुन्हा नंबर लावत घरी गेले.

असा तो माणूस बदलत गेला. कधी फोन लागला तर पलीकडून एखादा ऑपरेटर खेकसायचा, "काकाजी, तुमची एकट्याची लाइन हाये का? गाव बंद हाये." भिंतीपलीकडून मला काकाजींचं बोलणं ऐकू यायचं. "तुमचंबी खरं हाये साहेब. तुमी तरी का करसान. पन घरात मशीनवर मानूस हाये. जरा पाह्यता का? रागावू नका."

डीपी बदलावी म्हणून ते अर्ज घेऊन कार्यालयात गेले. डॉक्टरांचं पत्र आणा म्हणाले, आणलं. मग ज्यांच्याकडे दिलं त्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "पेशंट घरी कशाला ठेवता? दवाखान्यात ठेवा." हे मला सांगताना काकाजी पायरीवर बसून होते. "म्या हात जोडले, बाई. नोकरीत सस्पेंड कराले निंगाले होते, तवा नाही जोडले."

मी म्हटलं, तुम्ही पूर्वीसारखे एकदा ओरडा ना.

"वरडू कसा? त्याच्या हातात लाइन हाये. एखाद्या दिवशी राग धरून बसला त?"

काकू हे सगळं पलंगावरून ऐकत असत. एकदा काकाजी बाजारात गेले होते आणि मी त्यांच्याजवळ बसले होते. त्या थांबत थांबत बोलल्या. "याहीचं भांडन म्या जिंदगीभर आयकलं. देवाले म्हनो, याहीचा आवाज कमी कर. आता कमी झाला, त मले सहन होत नाही, बाई."

मे महिन्यातल्या एका दुपारी वादळ आलं. कडुनिंबाची फांदी तारांवर पडली, डीपीत मोठा आवाज झाला आणि सगळी गल्ली बंद झाली. इन्व्हर्टर संपला. छोटं सिलिंडर लावलं, त्याचा काटा आधीच खाली होता, कारण यवतमाळची गाडी त्या आठवड्यात आलीच नव्हती. सबस्टेशनचा फोन कुणी उचलेना. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, रस्त्यावर झाडं पडलीत, वेळ लागेल. काकाजींनी शर्ट घातला, मला म्हणाले, "बसजा हिच्यापाशी," आणि स्कूटर घेऊन सबस्टेशनला गेले. मी काकूंना वारा घालत बसले. त्यांची नखं निळसर व्हायला लागली होती. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, पण डोळे दाराकडे होते.

दिवस मावळायच्या आत काकाजी परत आले, मागे एक लाइनमन मोटारसायकलवर. जवळच्या तांड्यावरचा, बंजारा, चाळिशीचा माणूस. त्याने दुसऱ्या डीपीवरून तात्पुरती लाइन जोडून दिली. मशीनने एक शिट्टी दिली आणि ती घरघरायला लागली. हळूहळू काकूंच्या ओठांना रंग आला.

लाइनमन जायच्या आधी आत आला. काकाजी त्याच्यासाठी चहा ठेवायला ओट्याकडे गेले होते. तो पलंगाजवळ उभा राहून खाली मान घालून म्हणाला, "काकू, तुमी याहीले सांगजा. आमच्याकडे मानसं कमी हायेत, चार ठिकानी तारा तुटल्या. मी येतच होतो. पन काकाजीनं सगळ्याइसमोर माह्या पायाले हात लावला. माह्या बापाच्या वयाचे हायेत. असं नाही कराले पाह्यजे." तो वाईट माणूस नव्हता. चहा न घेताच तो पुढच्या कामाला गेला.

काकाजी चहाचे कप घेऊन आले, तेव्हा काकू डोळे मिटून पडल्या होत्या.

घरीच मरायचं, दवाखान्यात न्यायचं नाही, असं काकूंनी अमरावतीला राहणाऱ्या लेकीकडून वचन घेतलं होतं. त्याच काकू दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींना म्हणाल्या, "मले यवतमाळले नेऊन भरती करा. तिथं लाइट जात नाही म्हनतात."

"घरी का तकलीफ हाये तुले? म्या काही कमी केलं का?"

"तुमी नाही कमी केलं जी. मलेच इथं गमत नाही आता."

काकाजी मला म्हणाले, "कटाळली ते माह्या हातच्या पोळ्यांले." ते हसायचा प्रयत्न करत होते. सामान भरायला मी आत गेले तेव्हा काकू कुजबुजल्या, "माह्या श्वासापायी याहीनं कोनाचे पाय धरावं, एवढा काही माहा श्वास महाग नाही, बाई." मग नळी सांभाळत उठून त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, भिंतीवरच्या डब्यांच्या ओळीकडे पाहून आल्या आणि गाडीत बसल्या.

यवतमाळच्या त्या दवाखान्यात लाइट खरंच जात नव्हती. लेक अमरावतीहून येऊन आईजवळ राहिली. बायकांचा वॉर्ड, त्यामुळे पुरुषांना फक्त भेटीच्या वेळेला आत सोडत. काकाजी यवतमाळला लागूनच असलेल्या लोहाऱ्याला एका जुन्या सोबत्याच्या खोलीवर झोपत आणि सकाळी डबा घेऊन दवाखान्यात जात. काकू गेल्या त्या अशाच एका सकाळी.

काकाजी परत आले ते गप्प होऊन. पावसाळ्यात आमच्या गल्लीत नवी डीपी बसली. लोक म्हणाले, शेवटी काकाजींच्या अर्जाचं काम झालं. ते फाटकाशी उभे राहून क्रेन बघत होते. कामगारांना पाणी हवं का एवढंच त्यांनी विचारलं. नंतर कुणीतरी बँकेच्या कामाला त्यांना न्यायला आलं, तर म्हणाले, "माह्यानं आता होत नाही, भाऊ. दुसऱ्या कोनाले पाहा." लोकांना वाटलं होतं, वर्ष उलटलं की माणूस पहिल्यासारखा होईल. तसं झालं नाही. लेक त्यांना अमरावतीला घेऊन गेली आणि गेल्या हिवाळ्यात ते तिथेच वारले. तिचा फोन आला, तेव्हा घर सोडून जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्या दारापुढच्या ओट्यावर बसून जे सांगितलं होतं, तेच मला आठवत राहिलं. त्याआधी ते त्यांनी कुणालाच सांगितलं नसावं.

ते म्हणाले, "त्या दिवशी पोरगी खाली दवाई आनाले गेलती. हिच्याजवळ कोनीच नोयतं. मी वॉर्डच्या दारातच होतो. आतून मले खोकला आयकू आला. हिचाच होता, चाळीस वर्स आयकला म्या. वॉचमनले म्हनलं, जाऊ द्या ना भाऊ, माही घरवाली हाये आत. तो म्हने, टाइम झाला नाही, बाकावर बसा."

रस्त्यावर नव्या डीपीवरचे सगळे दिवे लागलेले होते.

"पह्यला देवराव असता त त्याले बाजूले सारून आत गेला असता. एका हाताचं काम होतं. पन मले त सवय झालती ना, बाई. मी हो साहेब म्हनलं आन् बाकावर जाऊन बसलो."

त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले होते. आवाज इतका हळू होता, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"खोकला थांबला. म्या म्हनलं, चला, आराम पडला असन हिले. मंग दार उघडलं त्यानं. काही खोटं नाही बोलला तो. अगदी टायमावर उघडलं."